सुट्या भागांची जुळणी : गेमिंग संगणक आखताना

गेमिंगसाठी नवा संगणक असेंबल करायचा म्हणजे साधारण आठ-नऊ भाग एकत्र आणायचे: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट आणि मॉनिटर. हे भाग वेगवेगळ्या कंपन्या बनवतात, तरीही ते एकमेकांत बसतात. कारण त्यांची मापे, खाचा, विद्युतदाब आणि आपसांत माहिती पाठवण्याचे नियम आधीच ठरलेले असतात. हे नियम काही ठिकाणी काटेकोर आहेत, काही ठिकाणी सैल आहेत, आणि घोटाळे होतात ते या सैल ठिकाणी. म्हणून प्रत्येक जोडीला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. भाग बसतो का? बसल्यावर सुरू होतो का? सुरू झाल्यावर पूर्ण ताकदीने चालतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मापांच्या तक्त्यात मिळते, दुसऱ्याचे मदरबोर्ड कंपनीच्या यादीत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा मॅन्युअलमधल्या बारीक अक्षरांतल्या टिपेत असते आणि ती टीप खरेदीआधी फार थोडे लोक वाचतात.

हे सारे एका ठोस आखणीच्या आधारे पाहिलेले बरे. समजा, रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड आणि ७५० वॅटचा पॉवर सप्लाय असा बेत आहे. आखणी साधी, रुळलेली आहे. तरीही तिच्यात तपासण्याजोग्या जागा पुष्कळ निघतात.

सुरुवात सॉकेटपासून करायची, कारण प्रोसेसर आणि मदरबोर्ड ही जोडी ठरली की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप ठरतात. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये आणलेल्या एएम५ सॉकेटमध्ये १,७१८ पिना आहेत आणि त्या मदरबोर्डवर आहेत. आधीच्या एएम४ सॉकेटमध्ये १,३३१ छिद्रे होती आणि पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूला होत्या. त्यामुळे एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यावर चुकूनही बसत नाही. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटचे आहेत; ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागते. इंटेलच्या नावातला आकडा पिनांची संख्या सांगतो, म्हणून आकडा जुळला की काम झाले असे वाटते.

ते तसे नाही, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. इंटेलचे सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए११५१ सॉकेटचे होते. त्या ऑक्टोबरमध्ये आलेली आठवी पिढीही एलजीए११५१चीच होती. पिना तितक्याच, प्रोसेसरचा आकार तोच. पण सहा कोअरच्या नव्या प्रोसेसरना जास्त वीज लागत होती, म्हणून काही पिनांची कामे बदलली गेली आणि ३०० मालिकेचा नवा चिपसेट आवश्यक ठरला. आठव्या पिढीचा प्रोसेसर २०० मालिकेच्या जुन्या मदरबोर्डवर अलगद बसे आणि संगणक सुरूच होत नसे. सॉकेटचे नाव सारखे असणे ही पहिल्या प्रश्नाची हमी आहे, दुसऱ्याची नव्हे. दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक मदरबोर्ड कंपनी आपल्या संकेतस्थळावर त्या-त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी ठेवते. यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. या दोन रकान्यांइतकी महत्त्वाची माहिती संपूर्ण आखणीत दुसरी नाही.

बायोस हा मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम. संगणक चालू करताच तो सर्वांत आधी जागा होतो आणि प्रोसेसर ओळखतो. प्रोसेसर मदरबोर्डनंतर बाजारात आला असेल, तर जुन्या बायोसला तो ठाऊकच नसतो. एएम४च्या बाबतीत हा प्रश्न फार गाजला. अनेक मदरबोर्डवरची बायोसची चिप केवळ १६ मेगाबाइटची होती आणि सॉकेट एकच राहिले तरी प्रोसेसरच्या पिढ्या वाढत गेल्या. सगळ्यांची माहिती एवढ्या जागेत मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० या चिपसेटवर चालणार नाहीत. ग्राहकांची नाराजी इतकी तीव्र होती, की त्याच महिन्यात हा निर्णय फिरवावा लागला, आणि २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही रायझन ५०००साठी बायोस मिळाले. काही मदरबोर्डच्या नव्या बायोसमधून जागा करण्यासाठी जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकावा लागला.

आपल्या उदाहरणातही बायोस निर्णायक आहे. बी६५०चे पहिले मदरबोर्ड ऑक्टोबर २०२२चे, तर ७८००एक्स३डी एप्रिल २०२३चा. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्याला ओळखणारे बायोस नसू शकते. त्याच वसंतात आणखी गंभीर गोष्ट उघड झाली: काही मदरबोर्डवर एक्स३डी प्रोसेसर जळू लागले. रॅमचे वेगवान प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी या विभागाला जास्त विद्युतदाब देत होते. एएमडीने नव्या बायोसद्वारे हा दाब १.३ व्होल्टवर रोखला. म्हणजे जुने बायोस असलेला बोर्ड इथे सुरू होण्यापुरता पुरेसा असला तरी सुरक्षित असेलच असे नाही.

यावर उपाय म्हणजे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला मदरबोर्ड घेणे. या सोयीमुळे प्रोसेसर न बसवताही नुसती वीज जोडून आणि पेनड्राइव्ह लावून बायोस अद्ययावत करता येते. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, फाइलचे नाव मॅन्युअलमध्ये दिले आहे तेच हवे आणि तो ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावावा लागतो. स्वस्त मदरबोर्डवर हे बटण अनेकदा नसते. तिथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकाच दुकानातून घेणे आणि बायोस तिथेच अद्ययावत करून मागणे सोयीचे पडते. खोके उघडलेच आहे, तर सॉकेटमधल्या पिनाही उजेडात पाहून घ्याव्यात. वाकलेल्या पिनांचा दोष कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत आणि पिना आधीपासून वाकलेल्या होत्या हे नंतर सिद्ध करता येत नाही.

चिपसेटचा संबंध तिसऱ्या प्रश्नाशी येतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘के’ असतो, त्यांचा वेग वापरणाऱ्याला वाढवता येतो. पण त्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट लागतो. बी मालिकेच्या बोर्डवर तो प्रोसेसर उत्तम चालतो, फक्त ज्या सोयीसाठी जास्त पैसे मोजले ती बंद राहते. नावाशेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात घेण्याचा बेत केला, तर महिनाभर पडद्यावर काहीच दिसणार नाही. ७८००एक्स३डीमध्ये जुजबी ग्राफिक्स आहे. गेम खेळण्यासाठी ते निरुपयोगी, मात्र बिघाड शोधताना अमूल्य ठरते. स्वस्त मदरबोर्डवरील व्हीआरएम हीही पाहण्याची जागा आहे. पॉवर सप्लायकडून आलेला १२ व्होल्टचा दाब प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक व्होल्टपर्यंत उतरवणारे हे सर्किट. इंटेलचा कोअर आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी व्हीआरएमवर धातूचे आवरणही नसलेल्या बोर्डवर त्याला बसवले, तर सर्किट तापते आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो.

रॅमच्या बाबतीत सर्वांत ढोबळ नियम असा, की डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दोन्हींच्या स्टिकला २८८ संपर्कबिंदू असतात, लांबीही सारखीच. पण मधली खाच थोडी सरकवलेली आहे, म्हणून चुकीची स्टिक स्लॉटमध्ये जात नाही. एएम५ आणि एलजीए१८५१वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए१७०० हे मात्र अडचणीचे सॉकेट आहे. तिथे प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम हाताळतो, निर्णय मदरबोर्डचा असतो, आणि जवळजवळ सारख्याच नावाचे दोन बोर्ड वेगवेगळी रॅम मागतात. नावाच्या शेवटी असलेले ‘डी४’ हे छोटे चिन्ह नजरेतून सुटले, तर सहजच चुकीचे खोके घरी येते.

वेगाचा हिशेब जास्त बारकाईचा आहे. ७८००एक्स३डीसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला रॅमचा वेग डीडीआर५-५२००. बाजारात लोक घेतात ती ६००० वेगाची रॅम आणि ती बहुतेक वेळा व्यवस्थित चालतेही. पण तो वेग स्टिकमध्ये साठवलेल्या प्रोफाइलमुळे मिळतो. एएमडीच्या प्रोफाइलला एक्स्पो म्हणतात, इंटेलच्या पद्धतीला एक्सएमपी. हे प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागते. स्टिक किती, यालाही महत्त्व आहे. दोन स्टिक लावल्यास ५२००, पण चारही स्लॉट भरले तर याच प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३६००पर्यंत घसरते. आज १६ जीबीच्या दोन स्टिक घेऊ, पुढे आणखी दोन टाकू, हा डीडीआर४च्या काळातला शहाणपणा इथे लागू पडत नाही. पुढे ६४ जीबी लागणार असेल, तर ३२ जीबीच्या दोन स्टिक आधीच घेणे योग्य. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या पाकिटांतल्या चिप नाव सारखे असूनही वेगळ्या असू शकतात, त्यामुळे वाढवलेली रॅम वेगवान प्रोफाइलवर अस्थिर होण्याचा धोका असतोच. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. कोणत्या कंपनीची कोणती स्टिक कोणत्या वेगाने तपासली, याची यादी मदरबोर्डच्या पानावर असते. यादीत नाव नसलेली रॅम चालणारच नाही असे नाही. नाव असलेली चालेल याची शक्यता मात्र फार जास्त.

ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसते, त्याचा नियम उदार आहे: नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालते, वेग दोघांपैकी मागे असणाऱ्याचा. प्रत्येक पिढीत वेग दुप्पट होतो. ३.० आवृत्तीत एका लेनमधून सेकंदाला सुमारे १ जीबी, ४.० मध्ये २, तर ५.० मध्ये ४ जीबी माहिती एका दिशेने जाते. आरटीएक्स ५०७० ५.० आवृत्तीचे, १६ लेनचे कार्ड आहे. साध्या बी६५०वर ग्राफिक्सचा स्लॉट बहुधा ४.० आवृत्तीचा असतो. तरीही १६ लेन मिळत असल्याने खेळताना फरक नगण्य राहतो. केवळ यासाठी महागडा मदरबोर्ड घेण्याचे कारण नाही.

लेन कमी असलेल्या कार्डांची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला केवळ ४ लेन होत्या आणि मेमरी ४ जीबी. ते कार्ड स्वस्त, म्हणून ज्यांचा संगणक जुना त्यांनाच परवडणारे. पण जुन्या मदरबोर्डवर ३.० आवृत्तीचा स्लॉट असल्याने त्याचा मार्ग निम्मा अरुंद होई आणि मेमरी भरली, की खेळ अडखळू लागे. ज्याच्यासाठी ते योग्य वाटत होते त्याच्याच संगणकावर ते सर्वांत कमकुवत ठरले. इंटेलच्या आर्क कार्डांची अट आणखी निराळी. रिसायझेबल बार नावाची सोय बायोसमध्ये चालू असेल, तरच ती अपेक्षित ताकदीने चालतात. ती नसलेल्या जुन्या संगणकात कार्ड बसते, चित्र दाखवते आणि वेग मोठ्या प्रमाणात गमावते. मदरबोर्डवर खाली असलेला दुसरा लांब स्लॉट दिसायला वरच्यासारखाच असतो, पण त्याला बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात. ग्राफिक्स कार्ड वरच्याच स्लॉटमध्ये लावायचे.

लेनची वाटणी एसएसडीपर्यंत पोचते. एएम५ प्रोसेसरकडे वापरण्याजोग्या २४ लेन असतात: १६ ग्राफिक्सला, बाकीच्या एसएसडी आणि इतर जोडण्यांना. चिपसेट आपल्या वतीने आणखी काही देतो, पण त्या मर्यादित. म्हणून काही बोर्डवर एखादा एम.२ स्लॉट भरला, की दोन साटा पोर्ट बंद पडतात. काही एक्स८७०ई बोर्डवर तर विशिष्ट एम.२ स्लॉट वापरताच ग्राफिक्सच्या १६ लेनपैकी ८च उरतात. हे सगळे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी २२८० मापाची स्टिक साटाची असू शकते किंवा एनव्हीएमईची. साटाची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते, तर ४.० आवृत्तीची एनव्हीएमई ७ जीबीपर्यंत जाते. अनेक नव्या मदरबोर्डचे एम.२ स्लॉट साटाची स्टिक ओळखतही नाहीत.

आता वीज. सारी तपासणी एकीकडे आणि पॉवर सप्लायची एकीकडे, इतके त्याचे महत्त्व आहे. कारण बाकी भाग न जुळल्यास संगणक चालत नाही, पण इथली चूक इतर भाग जाळू शकते. हिशेब सोपा आहे. ७८००एक्स३डीची कमाल मर्यादा १६२ वॅट, आरटीएक्स ५०७०ची २५०. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० ते ७५ वॅट धरले, तर बेरीज पावणेपाचशेच्या आसपास जाते. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅटची शिफारस करते. ७५० वॅट घेतले तर पुढच्या कार्डासाठी जागा राहते. ही बेरीज सरासरी विजेची असते. ग्राफिक्स कार्ड क्षणभर, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरते, आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर झेप घेते. जुने पॉवर सप्लाय अशा वेळी संरक्षणासाठी स्वतःला बंद करून घेत आणि खेळ ऐन रंगात असताना संगणक विझे. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकाने ही झेप गृहीत धरली: नव्या १६ पिनांच्या कनेक्टरच्या पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद पेलला पाहिजे. खोक्यावरचे ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे चिन्ह विजेची किती बचत होते हे सांगते. पॉवर सप्लाय किती सुरक्षित आहे, याची ग्वाही ते देत नाही.

कनेक्टर मोजून पाहायचे. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. नवा १६ पिनांचा कनेक्टर एकटाच ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. अनेक ठिकाणी प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता, असे आढळले. पुढच्या सुधारित आवृत्तीत लहान संवेदक पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड वीज मागणारच नाही. तरी प्लग शेवटपर्यंत दाबून बसवणे आणि त्याच्यापासून सुमारे ३५ मिलिमीटरपर्यंत वायर न वाकवणे, ही काळजी घ्यावीच.

सर्वांत धोकादायक चूक मात्र मॉड्युलर वायरींची. मॉड्युलर पॉवर सप्लायमध्ये वायरी दोन्ही बाजूंनी सुट्या असतात. भागाकडच्या टोकाची रचना सगळ्या जगात एकच आहे. पॉवर सप्लायकडच्या टोकाची मात्र प्रमाणित नाही. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलसुद्धा, पिनांचा क्रम वेगळा ठेवतात. प्लग दिसायला तेच असतात आणि बसतातही. जुन्या पॉवर सप्लायची साटा वायर नव्याला लावली, की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पोचू शकतात आणि हार्डडिस्क किंवा एसएसडी त्यातल्या माहितीसकट त्याच क्षणी जळते. पॉवर सप्लाय बदलताना जुन्या वायरी एकूण एक काढून ठेवाव्यात, मग त्या कितीही नीट बांधलेल्या असोत. प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि ग्राफिक्सची ८ पिनांची वायर याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चार-चार अशी दुभंगते, दुसरी सहा-दोन अशी. अशीच सावधगिरी रंगीत दिव्यांना लागते. बदलत्या रंगांचे एआरजीबी दिवे ५ व्होल्टचे, तीन पिनांचे. जुने आरजीबी १२ व्होल्टचे, चार पिनांचे. पाचाचे दिवे बाराच्या हेडरला रेटून लावले, तर ते कायमचे जातात.

मापांचा भाग त्या मानाने सरळ, पट्टी हातात घेऊन करण्याचा. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट होत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत चिपचे नाव पुरत नाही, नेमके मॉडेल पाहावे लागते. एनव्हिडियाने स्वतः बनवलेले आरटीएक्स ५०७० सुमारे २४२ मिलिमीटर लांब आणि दोन स्लॉट जाड आहे, पण त्याच चिपची इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डे ३०० मिलिमीटरच्या पुढेही जातात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली कार्डाची कमाल लांबी बहुधा पुढे रेडिएटर नसताना मोजलेली असते. पुढच्या बाजूला वॉटर कूलिंगचा रेडिएटर आणि पंखे लावले, की साधारण ५० मिलिमीटर त्यातून वजा करायचे.

एअर कूलरची उंची कॅबिनेटच्या रुंदीला भिडते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे आणि अनेक मध्यम कॅबिनेट त्याच्या आधीच थांबतात. शिवाय अशा रुंद कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या वर येतो. दिव्यांची उंच रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग कॅबिनेटचे झाकण लागत नाही. ७८००एक्स३डीसोबत कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. पण त्याची उष्णता बेताची असल्याने १५५ मिलिमीटर उंचीचा दोन मनोऱ्यांचा कूलर त्याला पुरतो. कूलर बसवण्याचा सांगाडा सॉकेटशी जुळला पाहिजे. एलजीए१२००ची भोके ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए१७००ची ७८वर गेली. त्यामुळे जुन्या कूलरला नवा सांगाडा लागतो. एएम४चे कूलर एएम५वर चालतात, पण बोर्डामागची मूळ धातूची पट्टी वापरणारेच. स्वतःची पट्टी लावणारे कूलर चालत नाहीत, कारण एएम५ची पट्टी सॉकेटच्याच बांधणीचा भाग आहे आणि ती काढायची नसते.

भारतातल्या हवामानाने या हिशेबात भर पडते. कूलर कोणताही असो, प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर उभे असते. परदेशी चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, तोच संगणक पंधरा-वीस अंश जास्त तापतो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे उरलेले अंतर झपाट्याने आटते. तिथे जाळीचा पुढचा भाग असलेले कॅबिनेट हवे, काचेने बंद केलेले नको. पॉवर सप्लायची क्षमता किती अंशांपर्यंत ग्राह्य आहे, हेही त्याच्या माहितीपत्रकात असते. ५० अंशांपर्यंत पूर्ण वॅट देणारा आणि २५ अंशांनाच मोजलेला, हे दोन वेगळे पॉवर सप्लाय आहेत.

वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत यूपीएसही जुळणीचाच भाग मानावा. भिंतीतून घेतलेली वीज भागांनी वापरलेल्या विजेपेक्षा जास्त असते. नव्वद टक्के कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय आत ४५० वॅट देताना भिंतीतून ५०० घेतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच असतो. खेळ चालू असताना वीज गेली, तर तो भार न पेलून संगणकासह बंद पडेल. इथे किमान १००० व्हीएचा यूपीएस, वॅटचा आकडा वाचून, घ्यावा लागतो. आजचे पॉवर सप्लाय अॅक्टिव्ह पीएफसी पद्धतीचे असतात आणि पायऱ्यापायऱ्यांची विद्युतलहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर त्यातले काही ऐन अदलाबदलीच्या क्षणी बंद होतात. शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस महाग पडतो, पण भरवशाचा असतो.

राहिलेल्या जोडण्या लहान आहेत, पण खरेदीनंतर खटकतात. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल, तर मदरबोर्डवर त्याचे वेगळे हेडर हवे. स्वस्त बोर्डवर ते नसते आणि पोर्ट शोभेपुरते उरते. विंडोज ११साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. एएम५च्या बोर्डवर दोन्ही असतात, जुना मदरबोर्ड पुढे वापरायचा असेल तर मात्र आधी तपासावे. भाग निवडताना पीसीपार्टपिकरसारखे साधन सॉकेट, रॅमचा प्रकार आणि वॅट यांतल्या ढोबळ चुका लगेच दाखवते. हातात येणाऱ्या बोर्डवर नेमके कोणते बायोस आहे किंवा उंच रॅम कूलरला अडते का, हे त्याला कळत नाही, म्हणून ते पहिली चाळणी म्हणूनच वापरावे.

सर्व भाग जोडून पहिल्यांदा बटण दाबल्यावर एएम५चा संगणक काही मिनिटे काळाच पडदा दाखवू शकतो. मदरबोर्ड त्या वेळात रॅमची तार जुळवत असतो. घाबरून वीज बंद करायची नाही. पडदा उजळल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाचायचा. एक्स्पो चालू केलेले नसेल तर ६०००ऐवजी बहुधा ४८०० दिसेल. विंडोज बसल्यावर जीपीयू-झेडसारख्या मोफत साधनात ग्राफिक्स कार्डाला १६ लेन मिळतात की ८, आणि रिसायझेबल बार चालू आहे का, ते पाहायचे. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये आहे याची खात्री करायची. ७८००एक्स३डीला स्वतःचे ग्राफिक्स असल्याने चुकीच्या पोर्टवरही चित्र येते आणि खेळ मंद का, हे कळत नाही. १६५ हर्ट्झचा मॉनिटरही सुरुवातीला ६०वर चालत असू शकतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागतो.